सराव सुरू होण्याआधी कान तपासा

मोबाईलवरची ती चाचणी बहुतेकांनी कधी ना कधी करून पाहिलेली असते. एक बारीक शिट्टी हळूहळू वर चढत जाते, पडद्यावर आकडा पळत राहतो, आणि जिथे ऐकू येणं थांबतं तो आकडा म्हणजे आपल्या कानाची कमाल मर्यादा असं समजून मंडळी एकमेकांशी तुलना करतात. कुणाला १७ हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुणाला १२ हजारांवरच शांतता. या आकड्यावरून खुश होण्यात किंवा घाबरण्यात फारसा अर्थ नाही, कारण अशा चाचणीत बऱ्याचदा मोबाईलची मर्यादा मोजली जाते आणि ती कानाच्या नावावर लिहिली जाते. पण म्हणून हा सगळा प्रकारच निरुपयोगी ठरत नाही. ऐकण्याचं वरचं टोक नीट पद्धतीने, त्याच साधनावर, वर्षानुवर्षं मोजत राहिलं तर कानाला होणाऱ्या इजेची चाहूल घरबसल्या लागू शकते. नाशिककरांना तर याची गरज जास्तच आहे. इथे ढोलपथकं आहेत, सातपूर-अंबडच्या कंपन्यांमधली प्रेस शॉप आहेत, द्राक्षबागांमध्ये कॅबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर तासन्‌तास चालणारे फवारणीचे ब्लोअर आहेत. या तिन्ही ठिकाणी कान रोज राबतो, आणि त्याची तपासणी मात्र ऐकू येईनासं झाल्यावरच होते.

आधी हे वरचं टोक महत्त्वाचं का, ते पाहू. निरोगी लहान मुलाला साधारण २० हर्ट्झपासून २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो असं मानतात. आतल्या कानात अडीच वेढ्यांची एक नळी असते, तिला कॉक्लिया म्हणतात. ती उलगडली तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरेल. तिच्या तोंडाशी असलेल्या केशपेशी उंच वारंवारतेचा आवाज टिपतात आणि शेवटच्या टोकाशी असलेल्या पेशी खालचा, जाड आवाज टिपतात. कोणत्या जागी कोणता आवाज उमटतो हे गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी प्रयोगांनी दाखवलं आणि त्यासाठी त्यांना १९६१चं नोबेल मिळालं. प्रत्येक आवाजाची लाट कॉक्लियात तोंडापासूनच शिरते, आणि तोंडाजवळच्या केशपेशी मुळातही नाजूक असतात. म्हणून वय असो, गोंगाट असो वा काही विषारी औषधं असोत, पडझड सहसा वरच्या टोकाकडून सुरू होते. ध्वनी आवर्धित करणाऱ्या बाहेरच्या केशपेशी एका कानात सुमारे १२ हजार असतात, आणि एकदा मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. हे कळायला आधुनिक यंत्रं लागली, पण खूण जुनीच आहे. फ्रान्सिस गाल्टन यांनी १९व्या शतकातच एक बारीक, लांबी बदलता येणारी शिट्टी बनवून माणसं आणि प्राणी यांच्या श्रवणाची वरची हद्द तपासली होती. वय वाढतं तशी ही हद्द खाली येते, आणि ती खाली आल्याचं त्या माणसाला स्वतःला कळतही नाही, हे त्यांनी नोंदवून ठेवलं आहे. ब्रिटनमध्ये २००५ साली दुकानासमोर घोळका करणाऱ्या तरुणांना पिटाळण्यासाठी जे यंत्र आलं, ते याच वस्तुस्थितीवर चालतं. त्याचा साडेसतरा हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज तरुणांना बोचतो आणि त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला ऐकूच येत नाही.

आता घरच्या चाचणीत काय चुकतं ते. व्हिडिओमध्ये आवाज दाबून साठवलेला असतो, आणि दाबताना बऱ्याचदा १६ हजार हर्ट्झच्या वरचा भाग कापून टाकला जातो. म्हणजे पडद्यावर १८ हजार लिहिलेलं असतं, पण फाइलमध्ये आवाजच नसतो. ब्लूटूथने जोडलेल्या इअरबडमध्ये हीच कापाकापी पुन्हा होऊ शकते. मोबाईलचा छोटा स्पीकर वरच्या पट्टीत सगळीकडे सारखा वाजत नाही, त्यामुळे १२ हजार स्पष्ट आणि १३ हजार गुल असं झालं तर दोष कोणाचा हे सांगता येत नाही. उलटी फसगतही होते. आवाज फार वाढवला की स्पीकर फाटतो आणि मूळ स्वराबरोबर खालचे, ऐकू येणारे स्वर तयार करतो. ऐकणाऱ्याला वाटतं आपल्याला २० हजार ऐकू आलं, प्रत्यक्षात त्याने स्पीकरची खरखर ऐकलेली असते. स्वर एकदम सुरू किंवा बंद होताना ‘टक्‌’ असा आवाज येतो, तोही असाच दगा देतो. शिवाय १६ हजार हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत फक्त दोन सेंटिमीटरच्या आसपास असते. उघड्या स्पीकरसमोर मान किंचित हलवली तरी आवाज येतो आणि जातो. ही सगळी विघ्नं खरी आहेत, पण त्यातली बहुतेक थोड्या शिस्तीने टाळता येतात.

व्हिडिओ बाजूला ठेवा. स्वर जागेवर तयार करणारं, म्हणजे टोन जनरेटर प्रकारचं अ‍ॅप घ्या, किंवा न दाबलेल्या डब्ल्यूएव्ही स्वरूपातल्या फाइल वापरा. हेडफोन वायरचा हवा, शक्यतो पूर्ण कान झाकणारा. वेळ रात्रीची निवडा, खोलीतला पंखा बंद करा, फ्रिज शेजारी नको. ज्या दिवशी मिरवणुकीत, कंपनीत किंवा लग्नाच्या बँडजवळ गेला असाल त्या दिवशी चाचणी घेऊ नका. सर्दी आणि कानातला मळ निकालात घोळ घालतात. मळाची शंका असेल तर आधी डॉक्टरांकडून कान पाहून घ्या. कानकोरणं, काडेपेटीची काडी, हेअरपिन यातलं काहीही कानात घालू नका. आता १ हजार हर्ट्झचा स्वर लावा आणि आवाज इतका कमी ठेवा की तो आरामात, पण हळू ऐकू येईल. ही पातळी कागदावर लिहा आणि इथून पुढे ती एका ठरावीक मर्यादेच्या वर नेऊ नका. हा नियम सगळ्यात महत्त्वाचा आहे. वरचा स्वर ऐकू येत नाही म्हणून माणूस आवाज वाढवत जातो, आणि ऐकू येत नसलेला आवाजही कानावर पूर्ण जोराने आदळत असतो. ऐकू न येणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे.

स्वर लावायचं काम दुसऱ्याकडे द्या. ऐकणाऱ्याने पाठ करून बसावं आणि स्वर ऐकू आला की फक्त हात वर करावा. लावणाऱ्याने ८, १०, १२, १४, १६ हजार या क्रमाने जावं, पण मधे मधे काहीच न लावता नुसती वाट पाहावी, आणि वेळेचं अंतर बदलत ठेवावं. माणसाला अपेक्षा असली की नसलेला आवाजही ऐकू येतो, त्यामुळे ही रिकामी वाट पाहणं अत्यावश्यक आहे. रिकाम्या वेळी दोनदा हात वर झाला तर ती फेरी रद्द समजा. प्रत्येक स्वराला आवाज हळूहळू कमी करत जा आणि अगदी शेवटी ज्या पायरीवर तो ऐकू आला ती पायरी लिहा. नुसतं ‘ऐकू आला’ किंवा ‘नाही आला’ एवढ्यावर थांबू नका. १२ हजार ऐकू येतं हे कळण्यापेक्षा ते गेल्या वर्षीपेक्षा तीन पायऱ्या मोठं करावं लागलं हे कळणं फार मोलाचं आहे. दोन्ही कानांची चाचणी वेगवेगळी घ्या. एका कानात कमी ऐकू आलं तर हेडफोन उलटा घालून पुन्हा पाहा: कमीपणा त्याच कानात राहिला तर तो कानाचा, बाजू बदलली तर हेडफोनचा. साधन वरचा स्वर खरंच वाजवतं का, याची खात्री घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाकडून करून घेता येते. त्याला १६ हजार ऐकू आलं आणि तुम्हाला नाही, तर हेडफोनवर संशय घेण्याचं कारण उरत नाही.

यातून मिळणाऱ्या आकड्याकडे पाहायचं कसं, हे नाशिककराला समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. गोदावरीला पूर आला की आपण दुतोंड्या मारुतीकडे पाहतो. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, एवढ्यावर अख्ख्या शहराला पुराचा अंदाज येतो. समुद्रसपाटीपासूनची उंची कुणी विचारत नाही. मूर्ती जागची हलत नाही, म्हणूनच तिच्यावरून वाढ कळते. घरच्या चाचणीतही तोच मोबाईल, तेच अ‍ॅप, तोच हेडफोन आणि तीच खोली ठेवली तर आकडा शास्त्रीयदृष्ट्या अचूक नसला तरी बदल खरा असतो. पहिल्याच आठवड्यात दोन-तीन वेळा चाचणी घेऊन स्वतःचा आकडा किती हलतो हे पाहून ठेवा. तेवढी हालचाल नेहमीची समजायची. ढोबळमानाने विशीतल्या तरुणाला १६-१७ हजारांपर्यंत ऐकू येतं, चाळिशी-पन्नाशीत ही हद्द १२ ते १४ हजारांच्या आसपास उतरते आणि साठीनंतर आणखी खाली येते. पण एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत मोठा फरक असू शकतो, म्हणून शेजाऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा लावून पाहू नये. दोन कानांतला मोठा फरक, किंवा नेहमीच्या हालचालीपेक्षा जास्त झालेली आणि आठवड्याने पुन्हा घेतल्यावरही कायम राहिलेली घसरण, एवढ्या दोन गोष्टी दखल घेण्याजोग्या आहेत.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो वाजवी आहे: माणसाचं बोलणं बहुतांशी चार-पाच हजार हर्ट्झच्या आत असतं, मग १२-१४ हजारांवरचं गेलं तर बिघडलं काय? पहिलं उत्तर असं की झीज तिथे थांबत नाही. ती वरून खाली सरकत येते. दुसरं उत्तर बोलण्याच्याच घडणीत आहे. स्वर खालच्या पट्टीत असतात आणि त्यांच्यातच आवाजाचा जोर असतो. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांची ओळख पटवणारा फुसफुसता भाग वरच्या पट्टीत असतो आणि तो ८ हजारांच्या पुढेही पसरलेला असतो. जुन्या लँडलाइनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच पट्टी जायची, म्हणून नाव सांगताना एकेक अक्षर फोड करून सांगावं लागे. कानाची वरची बाजू झिजलेल्या माणसाची तक्रारही तशीच असते: ऐकू येतं, पण कळत नाही. चार माणसं एकदम बोलत असली की हे जास्त जाणवतं. नेहमीच्या तपासणीत कान सामान्य ठरलेल्या लोकांमध्येही ८ हजारांच्या वरचं श्रवण चांगलं असेल तर गोंगाटातलं बोलणं जास्त चांगलं समजतं, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. वरचं टोक म्हणजे कानातली फालतू जागा, हा समज त्यामुळे टिकत नाही.

दुसरा आक्षेप पथकांतून येतो. ढोल तर खर्जातला. त्याच्या आवाजाने वरचे स्वर कसे जातील? यात तीन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. एक म्हणजे नाशिक ढोल एकटा वाजत नाही, त्याच्या जोडीला ताशा असतो आणि ताशाचा प्रहार अतिशय तीव्र, टोकदार असतो. दुसरं, कानाची बाहेरची नळी तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप वाढवते, आणि इजा त्या आवाजाच्या थोडी वर उमटते. म्हणूनच गोंगाटाने बिघडलेल्या कानाच्या आलेखात चार हजारांच्या आसपास खड्डा दिसतो, मग तो माणूस लोहारकाम करणारा असो की वाद्य वाजवणारा. तिसरं, मोठ्या आवाजाला कानातला एक बारीक स्नायू आकसून अटकाव करतो खरा, पण त्याला सेकंदाचा काही अंश लागतो. टिपरूचा फटका त्याआधीच आत पोहोचलेला असतो. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी जगभर वापरला जाणारा एक हिशोब असा: ८५ डेसिबलला ८ तास, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ९१ला २ तास, ९४ला १ तास, १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. पुण्यात विसर्जन मिरवणुकीच्या वेळी लक्ष्मी रोडवर सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेकडून वर्षानुवर्षं मोजमाप होत आलं आहे आणि त्यात रस्त्यावरची सरासरी काही वर्षी १०० डेसिबलच्या पुढे गेली आहे. पथकाच्या मधोमध उभ्या असलेल्या वादकाचा कान तर वाद्यापासून हातभरच दूर असतो, आणि त्याचा उत्सव एका दिवसाचा नसून महिना-दीड महिन्याच्या सरावासकट असतो.

‘दुसऱ्या दिवशी कान मोकळा होतो’ हे उत्तर यावर दिलं जातं. दडे बसणं आणि गुंई आवाज बहुतेक वेळा ओसरतो, हे खरंच आहे. पण २००९ साली शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर दाखवून दिलं की गोंगाटानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली तरी केशपेशी आणि श्रवणतंतू यांच्यातले कितीतरी जोड कायमचे तुटलेले असतात. माणसात याचं नेमकं प्रमाण किती, यावर संशोधन चालू आहे. सावध राहायला मात्र एवढं पुरेसं आहे. याच कारणाने घरच्या चाचणीत सगळं ठीक आलं म्हणजे कानाला काहीच झालेलं नाही असा निष्कर्ष काढू नये. घसरण दिसली तर ती इशारा आहे. घसरण न दिसणं हे अभयपत्र नाही. राहिला वयाचा मुद्दा. वयानुसार झीज होतेच, पण आपण वयाच्या खात्यावर जे लिहितो त्यातलं बरंच गोंगाटाचं असतं. सॅम्युअल रोझेन यांनी १९६०च्या दशकात सुदानमधल्या, शांत वस्तीत राहणाऱ्या माबान लोकांचे कान तपासले तेव्हा तिथल्या वृद्धांचं उंच स्वरांचं श्रवण त्याच वयाच्या अमेरिकन लोकांपेक्षा कितीतरी चांगलं निघालं. त्या वृद्धांच्या वयाच्या नोंदी पक्क्या नव्हत्या आणि आहार-आनुवंशिकतेचाही वाटा असणार, अशी टीका त्यावर झाली आणि ती रास्त आहे. तरीही म्हाताऱ्याला कमी ऐकू यायचंच, हा नियम अटळ नाही एवढं त्यातून दिसतं.

घरची चाचणी ही दारापर्यंतची वाट आहे. निदान ऑडिओमेट्रीनेच होतं. आवाजबंद खोलीत, प्रमाणित यंत्रावर, हवेतून आणि हाडातून अशा दोन्ही मार्गांनी कान तपासले जातात. नाशिकमध्ये जिल्हा शासकीय रुग्णालय किंवा आडगावचं वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय अशा ठिकाणच्या नाक-कान-घसा विभागात आधी चौकशी करावी. विशेष तपासण्यांसाठी मुंबईत वांद्र्याला १९८३पासून असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. जाण्याआधी एक गोष्ट फोनवरच विचारून घ्या. नेहमीची ऑडिओमेट्री २५० ते ८ हजार हर्ट्झपर्यंतच असते. त्यापुढे १६ हजारांपर्यंत जाणाऱ्या तपासणीला ‘एक्स्टेंडेड हाय फ्रिक्वेन्सी’ म्हणतात, तिला वेगळा हेडफोन लागतो आणि ती सगळीकडे होत नाही. ती मिळाली नाही तरी साधी ऑडिओमेट्री करून आलेख जपून ठेवावा, कारण पुढच्या प्रत्येक तपासणीला तोच आधार ठरतो. काही रुग्णांनी मात्र ही वरची तपासणी आग्रहाने मागायला हवी. सिस्प्लाटिन हे कर्करोगावरचं औषध आणि जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शनं कानाला इजा करू शकतात, आणि ती इजा आधी वरच्या स्वरांतच दिसते. पहिल्या मात्रेआधीची आणि उपचार चालू असतानाची तपासणी डॉक्टरांकडे विचारावी. औषध स्वतःहून बंद करण्याचा विचारही करू नये. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर घरी चाचण्या करत बसू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. तिथे दिवसांचा उशीरही महागात पडतो. एकाच कानात सतत गुंई, चक्कर, कान वाहणं असेल तरीही थांबू नये.

कारखान्यातल्या कामगारांनी हे ध्यानात ठेवावं की गोंगाटाने येणारं बहिरेपण कायद्याने नोंद करण्याजोगा आजार आहे, आणि नोकरी लागतानाचा ऑडिओग्राम हाती नसेल तर पुढे इजा कधी झाली हे सिद्ध करणं कठीण जातं. कानात कापसाचे बोळे घालून काही होत नाही. फोमचा प्लग बोटांनी बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत बसवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचा. वरवर खोचलेला प्लग नावालाच असतो. ताल ऐकू येणार नाही अशी वादकांना भीती वाटते, त्यांच्यासाठी सगळ्या पट्ट्या सारख्याच कमी करणारे संगीतकारांचे प्लग मिळतात. पथकप्रमुखांना माझी विनंती आहे: यंदाचा सराव सुरू होण्याआधी प्रत्येक वादकाची, आणि ताशावाल्यांची सर्वात आधी, ऑडिओमेट्री करून घ्या, तिची फाइल पथकाकडे ठेवा, आणि विसर्जनानंतर पंधरा दिवसांनी तीच तपासणी पुन्हा करा. पथकात शाळकरी मुलं-मुली असतील तर त्यांना प्लगशिवाय उभं करू नका.